वाचनालयाच्या आठ इंची दुर्बिणीसाठी आयपीस : कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दुर्बीण उभी राहिली. आरसा २०३ मिमी व्यासाचा, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ/५.९ (नाभीय अंतर भागिले व्यास). खालचं डॉब्सोनियन पद्धतीचं खोकं वाईतल्याच सुताराने मरीन प्लायमध्ये करून दिलं. नळी जिथे सोडावी तिथे थांबते, धक्का लागला तर दोन सेकंदांत स्थिर होते. आता आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगांची नळी. सभासदांच्या वर्गणीतून १२,००० रुपये बाजूला काढलेत, त्यातच सगळं बसवायचं आहे.

फोकसर, म्हणजे आयपीस बसवायची पुढेमागे सरकणारी नळी, सव्वा इंची आहे. दोन इंची आयपीसचा विषय त्यामुळे आजच मिटला. तो घ्यायचा तर फोकसरही बदलावा लागेल, आणि निम्म्याहून जास्त पैसे एका आयपीसपायी जातील.

हाताशी केल्नर रचनेचे जुने दोन आयपीस आहेत, २५ मिमी आणि १० मिमी. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागलं की वर्धन मिळतं: २५ मिमीने ४८ पट, १० मिमीने १२० पट. हिशेबाला दोन्ही बरे दिसतात.

पण ही दुर्बीण एकट्याची नाही. गच्चीवर रांग लागणार. रांगेत सहा वर्षांचं पोर असेल, त्याच्यामागे जाड चष्म्याचे गुरुजी, त्यांच्यामागे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी. पोराला दिसलं आणि आजींना दिसलं नाही, तर तो आयपीस आमच्या कामाचा नाही, मग त्याची भिंगं कितीही सुरेख असोत. निवड या कसोटीवर करायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

गच्चीवर शेजारपाजारच्या लोकांना बोलावलं. शनी कुंभ राशीत, संध्याकाळी चांगला वर असतो. त्याची कडी सध्या खूप बारीक झालेली आहे, येत्या मार्चमध्ये ती आपल्या दृष्टीने अगदी कडेवर येईल. तरीही ४८ पटीत कडी ओळखू येते. २५ मिमी केल्नरवर कुणाची तक्रार नाही.

१० मिमी लावला आणि रांग अडली. "काही दिसत नाही हो, काळंच आहे," हे सगळ्यात जास्त वेळा चष्मेवाल्यांकडून ऐकलं. कारण साधं आहे. प्रत्येक आयपीसमध्ये डोळा भिंगापासून एका ठरावीक अंतरावर असेल तरच पूर्ण क्षेत्र दिसतं. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. १० मिमीच्या केल्नरमध्ये ते जेमतेम पाच मिमीच्या आसपास असतं. चष्म्याची काच आणि डोळा यांच्यामध्येच त्याहून जास्त जागा असते. चष्मा लावून बघणाऱ्याला किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा मधला तुकडाच मिळतो, तोही सापडला तर.

चष्मा काढून बघा, असं सांगता येतं. लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर फोकस थोडा फिरवला की काम होतं. पण प्रत्येक माणसागणिक फोकस फिरवायचा म्हणजे पुढच्याचा बिघडणार. आणि ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांचा दोष फोकसने जात नाही. मात्र आयपीसमधून येणारी प्रकाशशलाका जितकी बारीक, तितका डोळ्याच्या भिंगाचा कमी भाग वापरला जातो आणि सिलिंड्रिकल दोष कमी जाणवतो. एक मिमीच्या शलाकेला बहुतेकांचं चष्म्याशिवाय भागतं, चार-पाच मिमीला भागत नाही. म्हणून कमी वर्धनाच्या आयपीसला लांब आय रिलीफ हवाच. तिथे चष्मा काढून चालणार नाही.

आणखी एक दिसलं. मुलं डोळा थेट भिंगावर टेकवतात. थोड्या वेळात १० मिमीच्या भिंगावर पापण्यांचा तेलकट थर बसला आणि शनीभोवती धुकं दिसायला लागलं. भिंग आत खोल असलेला, वर रबरी कप असलेला आयपीस स्वच्छही राहतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

उद्या अमावस्या. धोम धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला गेलो, तिथे वाईचे दिवे डोंगराआड जातात. साताऱ्याच्या एका मित्राने त्याचा ३२ मिमीचा प्लॉसल आणि दुसऱ्या एकाने ४० मिमीचा प्लॉसल वापरायला दिला होता.

प्लॉसल ही रचना व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमॉन प्लॉसल यांची, १८६० ची. केल्नर त्याआधीची, १८४९ ची. केल्नरमध्ये तीन भिंगं, प्लॉसलमध्ये चार, दोन-दोनच्या जोड्यांत. स्वस्तात मिळणारा आणि तरीही काठापर्यंत बऱ्यापैकी नीट राहणारा आयपीस म्हणून इतक्या वर्षांनंतरही प्लॉसलच पुढे येतो. डोळ्याला भासणारं क्षेत्र साधारण ५० अंशांचं, आणि आय रिलीफ आकड्याच्या सुमारे ७० टक्के. ३२ मिमीला म्हणजे वीस-बावीस मिमी. चष्म्यासकट आरामात बघता येतं.

खरं क्षेत्र, म्हणजे आकाशाचा किती तुकडा दिसतो, ते मोजून घेतलं. मृगाच्या त्रिकांड बाणातला वरचा, पश्चिमेकडचा तारा मिंटाका जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. दुर्बीण स्थिर ठेवायची, तारा एका काठातून आत आला की घड्याळ सुरू करायचं, मधोमध सरकत पलीकडच्या काठाला गेला की बंद. विषुववृत्तावरचा तारा चार मिनिटांत एक अंश सरकतो. ३२ मिमीमध्ये ५ मिनिटं १० सेकंद लागले, म्हणजे १.२९ अंश. जुन्या २५ मिमी केल्नरमध्ये ३ मिनिटं ४२ सेकंद, ०.९२ अंश. कोणत्याही आयपीसच्या डबीवरच्या आकड्यापेक्षा हे मोजमाप मला जास्त भरवशाचं वाटतं, आणि त्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

४० मिमीमध्ये? तेवढंच क्षेत्र, काही सेकंदांचा फरक. सव्वा इंची नळीच्या आत जास्तीत जास्त २७ मिमीच्या आसपासचं कडं बसतं, आणि ३२ मिमीचा प्लॉसल ते सगळं वापरून टाकतो. ४० मिमी घेतला तर तेवढंच आकाश लहान करून दिसतं. शिवाय प्रकाशशलाका ६.८ मिमीची होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बाहुली अंधारातही बहुधा पाच मिमीच्या पुढे फारशी उघडत नाही, उरलेला प्रकाश बुबुळावर सांडतो. आठ इंची आरसा घेऊन सहा इंचीचं काम केल्यासारखं होईल. ४० मिमी बाद.

३२ मिमीमध्ये कृत्तिकेचे सगळे प्रमुख तारे एकत्र मावले. ययातीमधला जुळा तारकागुच्छ तर पाहतच राहावा असा, दोन्ही गुच्छ एका क्षेत्रात आणि भोवती काळी जागाही शिल्लक. देवयानी दीर्घिका मावत नाही, तिचा गाभा आणि शेजारची छोटी दीर्घिका एम३२ दिसते. ३२ मिमी प्लॉसल नक्की.

७ डिसेंबर, शनिवार

गुरू आज प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आहे, रोहिणीच्या वरच्या बाजूला, रात्रभर दिसणार. मोठ्या वर्धनाच्या चाचणीला यापेक्षा चांगली रात्र नाही. गच्चीवरच काम केलं. मित्रांकडून चार वस्तू गोळा केल्या होत्या: १० मिमी आणि ६ मिमी प्लॉसल, आणि सोनेरी पट्टीचे म्हणून ओळखले जाणारे ६६ अंशी क्षेत्राचे ९ आणि ६ मिमी. हे सोनेरी पट्टीवाले चीनमध्ये बनतात आणि वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, आत वस्तू तीच असते.

आमच्या खोक्याला मोटर नाही. पृथ्वी फिरते आणि गुरू सरकत काठाला जातो. त्याला किती वेळ लागतो यावर रांगेचं सगळं गणित आहे. आज मोजलेले आणि कागदावर पडताळलेले आकडे असे:

६ मिमी प्लॉसल, २०० पट: सुमारे ६५ सेकंद.
६ मिमी, ६६ अंशी, २०० पट: ८५ सेकंद.
१० मिमी प्लॉसल, १२० पट: १०८ सेकंद.
९ मिमी, ६६ अंशी, १३३ पट: १२८ सेकंद.

शेवटच्या दोघांची तुलना महत्त्वाची आहे. ९ मिमीमध्ये गुरू मोठा दिसतो आणि तरीही जास्त वेळ टिकतो. एका माणसाला पायरी चढून, वाकून, डोळा जुळवून नीट बघायला पाऊण मिनिट लागतं. १२८ सेकंदांत दोन माणसं सुखाने बघतात आणि मगच नळी सरकवावी लागते. ६ मिमी प्लॉसलमध्ये प्रत्येक माणसाआधी गुरू पुन्हा मधोमध आणावा लागतो.

आय रिलीफमध्ये तर तुलनाच नाही. ६ मिमी प्लॉसलचं वरचं भिंग मसुराएवढं बारीक, आणि पापणी त्याला लागतेच. ६६ अंशी ९ आणि ६ मिमी दोन्हींचं आय रिलीफ १५ मिमीच्या आसपास असल्याचं विक्रेते लिहितात. रबरी कप दुमडून गुरुजींना चष्म्यासकट बघायला सांगितलं. काठ थोडा कापला जातो म्हणाले, पण गुरू आणि त्याचे दोन ठळक पट्टे व्यवस्थित दिसले. एवढ्या छोट्या आकड्याच्या आयपीसला इतकं आय रिलीफ मिळतं, कारण त्यांच्या नळीत खालच्या टोकाला ऋण (प्रकाश पसरवणाऱ्या) भिंगांचा गट बसवलेला असतो. तो आधी प्रकाशाचा शंकू लांबवतो, मग वरच्या मोठ्या भिंगांना त्यांच्या सोयीचं काम मिळतं. पीटर बार्लो यांनी १८३० च्या दशकात सुचवलेली युक्तीच आयपीसच्या पोटात घातली आहे.

चित्राची स्पष्टता? मधोमध प्लॉसल आणि ६६ अंशी यांत मला फरक सापडला नाही. दोन्हींत पट्ट्यांच्या कडा सारख्याच खडबडीत, दोन्हींत हवा स्थिर झाली की तपशील उमटत आणि पुन्हा विरघळत. २०० पटीत चित्र मधूनमधूनच बसत होतं, १३३ पटीत बराच वेळ बसलेलं. मध्यरात्रीनंतर गच्चीची फरशी गार झाली तेव्हा २०० पटही सुधारलं. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवर आठ-साडेआठला मोठं वर्धन मागू नये.

९ मिमी ६६ अंशी नक्की.

१५ डिसेंबर, रविवार

पौर्णिमा, काम कागदावरचं.

बऱ्याच जणांनी पेटी सुचवली: ॲल्युमिनियमच्या पेटीत पाच-सहा प्लॉसल, एक बार्लो (आयपीसखाली लावून वर्धन वाढवणारं भिंग) आणि रंगीत फिल्टरांची रांग. आकर्षक दिसते. पण आमच्या दुर्बिणीला ४ मिमी लावला तर ३०० पट होतात, जे इथल्या हवेत क्वचितच पेलतं, आणि आय रिलीफ तीन मिमीच्या आसपास. ६ मिमीची गत वर लिहिलीच आहे. रंगीत फिल्टर नव्याला प्रकाश कमी करण्यापलीकडे फारसं देत नाहीत. पेटीतल्या निम्म्या वस्तू पेटीतच राहणार असतील तर त्या निम्म्या वस्तूंचे पैसे दोन चांगल्या आयपीसमध्ये घालावेत. वर्गणी देणाऱ्यांत रोजंदारीवर जाणारे सभासदही आहेत, त्यांच्या पैशाची वस्तू दर कार्यक्रमाला हातात आली पाहिजे.

झूम आयपीस, ७ ते २१ मिमी, हा मात्र गंभीर पर्याय आहे. एकट्याने चंद्र बघताना तो फार सोयीचा, ५७ पासून १७१ पटीपर्यंत फिरवत जायचं. पण झूममध्ये क्षेत्र २१ मिमीकडे सगळ्यात अरुंद होतं, ४० अंशांच्या आसपास. जिथे मोकळं आकाश हवं तिथेच भिंती जवळ येतात. शिवाय मुलं कडं फिरवतात आणि फोकस जातो. घरच्या दुर्बिणीसाठी मी तो आनंदाने सुचवेन, गच्चीवरच्या रांगेसाठी नको.

परदेशातून थेट मागवायचा विचारही सोडला. सीमाशुल्क किती लागेल आणि बिघडलेली वस्तू परत कशी करायची, दोन्ही अनिश्चित. भारतातल्या विक्रेत्याकडून, परत करण्याची मुदत आहे असंच घ्यायचं.

२८ डिसेंबर, शनिवार

पुन्हा धोमकडे. आज मधला आयपीस ठरवायचा. ६६ अंशी मालिकेतलाच १५ मिमी आणला होता, आणि १५ व २० मिमीचे प्लॉसल.

आधी कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तपासलं, कारण आरसे वाकडे असताना आयपीसला दोष देणं अन्यायाचं. मग मिथुनेतला एम३५ गुच्छ लावला. ६६ अंशी १५ मिमीमध्ये मधले तारे सुया, पण काठाकडच्या तिसऱ्या भागात तारे रेघा होतात. फोकस एका बाजूला फिरवला की रेघ आडवी, दुसऱ्या बाजूला फिरवला की उभी. हा आयपीसचा दोष, ॲस्टिग्मॅटिझम. आरशाचा कोमा वेगळा दिसतो, त्यात ताऱ्याला एका बाजूला शेपटी फुटते आणि सगळ्या शेपट्या मध्यापासून बाहेर पसरलेल्या असतात. एफ/५.९ ला कोमा थोडाच आहे. या मालिकेतल्या १५ आणि २० मिमीमध्ये ९ आणि ६ सारखा ऋण भिंगांचा गट नसतो, त्यामुळे तिरपे येणारे किरण त्यांना झेपत नाहीत. मालिका एकच, पट्टी एकच, पण ९ आणि १५ या वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. एफ/१० च्या दुर्बिणीवर हाच १५ मिमी बरा वाटेल.

२० मिमी प्लॉसलमध्ये खरं क्षेत्र ०.८३ अंश, वर्धन ६० पट, तारे जवळजवळ काठापर्यंत बिंदू. आय रिलीफ १४ मिमीच्या आसपास. १५ मिमी प्लॉसल ८० पट देतो, मृगातला तेजोमेघ त्यात जास्त भरीव दिसतो, आणि मला स्वतःला तोच जास्त आवडला. पण त्याचं आय रिलीफ दहा-अकरा मिमी. चष्मेवाल्यांसाठी २० मिमी.

मृगाच्या तेजोमेघातली चौकट, ट्रॅपेझियम, २० मिमीमध्ये चार सुटे तारे म्हणून दिसली. ९ मिमी लावून बराच वेळ बघत राहिलो तेव्हा पाचवाही दिसला.

११ जानेवारी २०२५, शनिवार

माल आला. ३२ मिमी प्लॉसल, २० मिमी प्लॉसल, ९ मिमी ६६ अंशी, आणि दुप्पट करणारी ॲक्रोमॅटिक बार्लो. चारही मिळून १०,७०० रुपये.

घेतल्यावर काय तपासलं ते लिहून ठेवतो. आयपीस उजेडाकडे धरून आरपार बघितलं: क्षेत्राची कडा तीक्ष्ण दिसते का, नळी आतून नीट काळी केलेली आहे का, भिंगांच्या मध्ये धूळ किंवा बुरशीचे धागे आहेत का. मग चंद्र, जो आज जवळजवळ पुरा भरलाय, क्षेत्राच्या जरासा बाहेर ठेवून काळ्या आकाशात पांढरट उजेड सांडतो का ते पाहिलं. प्लॉसल दोन्ही उत्तम. ९ मिमीमध्ये काठाला फिकट उजेड येतो, चालेल. बार्लोच्या नळीत खालच्या भागात चकाकी होती. मुदतीत परत देण्याइतकी ती मोठी नाही, आतून काळा मॅट कागद लावला आणि गेली.

बार्लो घेण्याचं कारण असं की तिचं भिंगाचं टोक फिरवून सुटं होतं. ते टोक थेट आयपीसच्या फिल्टरच्या आट्यांत बसवलं की सुमारे दीडपट होते, पूर्ण नळीसकट दुप्पट. म्हणजे ९ मिमीपासून १३३, २०० आणि २६७ पट. २० मिमीपासून ६०, ९० आणि १२०. वेगळा ६ मिमी घ्यावा लागला नाही, आणि बार्लोने आय रिलीफ कमी होत नाही, प्लॉसलला उलट थोडं वाढतं. ३२ मिमीला मात्र बार्लो लावू नये. डोळा हवेत नेमका कुठे धरायचा ते नवख्याला सापडत नाही आणि चित्र काळं होत राहतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

गच्चीवर पहिला खुला कार्यक्रम. पश्चिमेला चंद्राची कोर आणि शेजारी शुक्र. सुरुवात २० मिमीने केली. ६० पटीत पूर्ण चंद्र मावतो, न उजळलेला भागही पृथ्वीच्या उजेडात राखाडी दिसतो, आणि सीमारेषेवरच्या विवरांच्या सावल्या. शुक्र अर्ध्याहून कमी उजळलेला. "हा पण चंद्रच की," असं तीन वेगवेगळ्या मुलांनी म्हटलं, आणि त्यावरून शुक्राला कला का असतात हे सांगायला आयतीच संधी मिळाली.

नंतर ९ मिमी. गुरू डोक्यावर, मंगळ पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, पिवळसर तांबडी चकती. नोव्हेंबरमध्ये ज्या आजींना १० मिमीतून काही दिसलं नव्हतं, त्यांना खुर्चीवर बसवून, चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून बघायला लावलं. "एक मोठा आहे नि बाजूला बारके ठिपके एका ओळीत," त्या म्हणाल्या. त्यांना कुणी आधी काही सांगितलेलं नव्हतं.

आयपीस कुणी बदलायचा हे आधी ठरवून ठेवणं गरजेचं आहे. आज मी एकट्याने बदलले आणि दुसऱ्या सभासदाने नळी सरकवली, त्यामुळे अंधारात काही पडलं नाही. बदललेला आयपीस शर्टाच्या खिशात गेला तर अंगाच्या उबेने गरम राहतो आणि दव धरत नाही, पण खिशातली धूळही लागते. खालचं झाकण लावूनच खिशात.

२३ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या १,३०० मधून हवाबंद डबा ४५० ला, रबरी ब्लोअर ३०० ला, रंग बदलणारं सिलिका जेल १२० ला. शिल्लक ४३०.

डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेला कागद:

३२ मिमी: वस्तू शोधायला, तारकागुच्छ, चष्मा लावून बघा.
२० मिमी: चंद्र, तेजोमेघ, कार्यक्रमाची सुरुवात यानेच.
९ मिमी: ग्रह, जोडतारे. चष्मा काढून बघितलं तरी चालेल.
९ मिमी + बार्लोचं टोक: फक्त हवा स्थिर असेल तेव्हा, रात्री उशिरा.

पुसण्याबद्दल. आधी ब्लोअरने धूळ उडवायची. त्यानंतरही तेलकट डाग राहिला तरच कापसावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन, न दाबता, मध्यापासून बाहेर. रुमाल, ओढणी, पदर यांनी पुसायचं नाही, त्यात अडकलेल्या धुळीने भिंगाच्या लेपावर ओरखडे उठतात. आयपीस उघडून भिंगं सुटी करायची नाहीत.

खरा धोका पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद असते आणि दमट हवेत कपाटात पडलेल्या भिंगांवर बुरशी धरते. एकदा तिने लेप खाल्ला की पुसून उपयोग नाही. म्हणून मेअखेरीस चारही वस्तू एक दिवस कोरड्या उन्हाळी हवेत, सावलीत, झाकणं काढून ठेवायच्या आणि मग सिलिका जेलसह डब्यात बंद करायच्या. जेलचा रंग दर पंधरा दिवसांनी बघायचा, बदलला असेल तर कढईत मंद आचेवर कोरडं करून परत घालायचं. डबा लोखंडी कपाटात, भिंतीला लागून नाही. जबाबदारी ग्रंथपाल ताईंनी घेतली आहे, आणि जेल बघायच्या तारखा पुस्तक-नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या आहेत.